भाऊ आत झोपलाय

बाहेरच्या खोलीच्या मधोमध दोनच बॅगा उभ्या होत्या... आणि घरात माणसं तर तीन होती!

एक बॅग मुलीची, नवी, चाकांची. दुसरी ताईची, कातडी पट्ट्यांची, ती टेलिफोन ऑफिसात नोकरीला होती त्या काळातली. फौजीनं दोन्हींकडे पाहिलं, मग दाराआड पाहिलं, मग वाकून पलंगाखालीसुद्धा पाहिलं, जशी काही तिसरी बॅग कुठेतरी कलंडून पडली असावी. गल्लीत त्याला सगळे फौजीच म्हणत. उमेदीची सारी वर्षं त्यानं सैन्यातला ट्रक चालवण्यात घालवली होती, आणि गेल्या उन्हाळ्यात निवृत्त होऊन तो या घरात कायमचा राहायला आला, तेव्हा आता आपण आपल्या माणसांत आलो या विचारानं त्याचा ऊर भरून आला होता.

"माझं सामान कोण भरणार?" त्यानं हसत विचारलं.

मुलगी हसली नाही. तिला दुसऱ्या शहरातल्या इस्पितळात नर्सची नोकरी लागली होती, राहायला दोन खोल्या मिळाल्या होत्या आणि उद्या दुपारच्या बसनं निघायचं होतं, एवढं त्याला ठाऊक होतं. बाकीचं त्यानं आपणच गृहीत धरलं होतं.

"बाबा, मी आत्याला घेऊन जातेय," ती म्हणाली. "तुम्ही इथंच राहा."

"एकटा?"

"तुम्हाला सवय आहे की... आमच्याशिवाय राहायची."

कुणी भर रस्त्यात थोबाडीत द्यावी तसं त्याला झालं. स्वयंपाकघराच्या दारात ताई ओले हात पदराला पुसत उभी होती. "मी तिला सांगितलंय, मी येत नाही म्हणून," ती जमिनीकडे बघत पुटपुटली. "तिनंच हट्टानं बॅग भरलीय. ह्याला साधा चहा करता येत नाही, ह्याला टाकून मी कुठं जाऊ?" पण ताईचे शब्द फौजीच्या कानात शिरलेच नाहीत. त्याच्या अंतःकरणात एकच वेदना उसळत होती, की जिच्यासाठी रक्ताचं पाणी केलं ती पोटची पोर आज आपल्याला घराच्या कोपऱ्यात जुन्या टायरसारखी ठेवून निघाली आहे...

काय काय सोसलं नव्हतं त्यानं! डोंगरातल्या त्या रस्त्यांवर एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी असायची, आणि मागच्या हौद्यात कधी पिठाची पोती, कधी रॉकेलचे डबे, कधी दारूगोळा. थंडी अशी, की सकाळी गाडी चालू करायची तर आधी इंजिनाखाली स्टोव्ह पेटवून आतलं गोठलेलं तेल पातळ करावं लागे, आणि उघड्या बोटानं लोखंडाला हात लावला तर कातडी सोलून निघे. गाडीखाली कांबळं अंथरून झोपायचं, गरम इंजिनावर जेवणाचा डबा ठेवून ऊन करायचा, आणि पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्यावर नजर ठेवून चालत राहायचं. पण इतक्या वर्षांत त्याच्या गाडीखाली कोंबडीसुद्धा आली नाही. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी सगळ्यांसमोर त्याला पितळी बिल्ला दिला, अपघातरहित सेवेचा, आणि तो बिल्ला त्यानं घरी येताच दारासमोरच्या भिंतीवर टांगला होता. आल्यागेल्याला पहिल्यांदा तो दिसावा, एवढीच इच्छा. दूधवाल्याला त्याची गोष्ट तोंडपाठ झाली होती.

आणि हे सारं कुणासाठी? बायको तापानं गेली तेव्हा ही पोर धड चालतही नव्हती. थोरली ताई तेव्हा टेलिफोन ऑफिसात होती, चांगली रुळलेली होती, पण तिनं नोकरी सोडली आणि पोरीला कडेवर घेतलं. फौजी पुन्हा ट्रकवर गेला. पगार घरी पाठवत राहिला. बापानं आणखी काय करायचं असतं?

"मी तुमच्यासाठी जन्म घालवला," तो म्हणाला. आवाज चढवायचा नाही असं त्यानं ठरवलं होतं, पण तो चढला. "बर्फात राहिलो, दरीच्या काठानं गाड्या हाकल्या. आणि त्याचं हे फळ? लोक काय म्हणतील, फौजीला त्याच्याच लेकीनं टाकला?"

"लोकांचं सोडा," मुलगी म्हणाली. "आत्याला काय वाटतं, ते कधी विचारलंत?"

"चिमणे, पुरे," ताई म्हणाली. ती अजून भाचीला चिमणीच म्हणायची.

"नाही आत्या, आज मला बोलू दे. मी लहानपणापासून मूग गिळून बसलेय." तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज नर्सचा होता, सुई टोचतानाही न हलणारा. "बाबा, तो चष्म्याच्या दुकानातल्या काकांचा रविवार तुम्हाला ठाऊक आहे?"

फौजीला काहीच आठवेना. निदान, आठवत नाही असा चेहरा त्यानं केला.

तो रविवार समजायचा तर फौजीची एक सवय आधी सांगायला हवी. ट्रकांचा ताफा कधी निघणार, कुठल्या वाटेनं जाणार, कधी पोचणार, हे कुणालाही सांगायचं नाही, असं त्याला गाडी शिकवणाऱ्या उस्तादानं पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. बायकोला नाही, आईला नाही, सोबत झोपणाऱ्या दोस्ताला नाही. ज्याला वेळ कळली, त्याच्या तोंडून ती शत्रूला कळणारच, असा उस्तादाचा हिशोब. फौजीनं मनाशी खूणगाठ बांधली आणि तो नियम सुटीवर घरी येतानाही बरोबर आणला. तो कधी येणार हे कधी कळत नसे, आणि कधी जाणार हेही. सुटी संपायच्या एक-दोन दिवस आधीच, वाटेत काही अडलं तर हाताशी वेळ असावा म्हणून, तो पहाटे उठायचा, बूट हातात घ्यायचा, कडी अलगद काढायचा आणि निघून जायचा. दारातली रडारड टळते, असं तो अभिमानानं सांगे. पोरगी झोपेत असताना गेलेलं बरं, तिला कळतसुद्धा नाही, असंही.

तिला कळायचं. ती उठून सगळ्या खोल्यांत त्याला शोधायची आणि मग न्हाणीघराच्या दाराला पाठ लावून बसायची. पण ते तिनं आज सांगितलं नाही. आज तिला दुसरंच सांगायचं होतं.

"मी शाळेत नुकतीच जायला लागले होते," ती म्हणाली. "आत्याचा चष्मा करायला आम्ही त्या काकांकडे गेलो होतो. मग ते दोन-तीनदा काहीतरी निमित्त काढून आले. कधी चष्म्याची काडी सैल झाली का बघायला, कधी काच पुसायचा कपडा द्यायला. ते गेले की आत्या गुणगुणायची, आणि मला फार गंमत वाटायची, कारण ती एरवी कधी गुणगुणत नसे. एकदा ते म्हणाले, तुमचे भाऊ सुटीवर आले की मी त्यांना रीतसर विचारायला येतो. तुम्ही आलात. आत्यानं तुम्हाला सांगितलं, रविवारी एक गृहस्थ तुला भेटायला येणार आहेत, घरी राहा. आणि शनिवारी पहाटे तुम्ही गेलात."

ताई भिंतीकडे तोंड करून एका बॅगेचा पट्टा सरळ करत होती, जो आधीच सरळ होता.

"रविवारी काका आले," मुलगी पुढे म्हणाली. "इस्त्रीचा सदरा घालून, केसांना पाणी लावून. आत्यानं आतल्या खोलीचं दार लावून घेतलं आणि त्यांना म्हणाली, माझा भाऊ आत झोपलाय, फार थकून आलाय, उठवत नाही. मला हळूच म्हणाली, बोलायचं नाही. बाबा, खोलीत कुणी नव्हतं. मला ठाऊक होतं. काका बसले. चहा झाला, पुन्हा चहा झाला. मधेच त्यांनी विचारलं, अजून झोपलेत का? आत्या म्हणाली, हो. मग ते उठून गेले. परत कधी आले नाहीत."

"पण ताई... खोटं कशाला सांगितलंस?" फौजीच्या तोंडून कसाबसा शब्द फुटला.

ताई वळली. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. तिथं फक्त संकोच होता, जणू चूक तिनंच केली होती.

"मग काय सांगायचं होतं रे?" ती म्हणाली. "माझ्या भावाला मी थांब म्हटलं, तरी तो न सांगता पळून गेला, असं? परक्या माणसासमोर तुझी शोभा करायची? झोपलाय म्हटलं की निदान थकलेला तरी वाटतोस."

फौजीची मान जी खाली गेली ती वर येईना. समोरच्या भिंतीवर बिल्ला चकाकत होता आणि त्याच्याकडे बघायची त्याला आयुष्यात पहिल्यांदा लाज वाटली. तो चपला पायात सरकवून बाहेर पडला.

रस्त्यानं चालताना त्याला एकेक गोष्ट लख्ख आठवू लागली, आणि आठवू नये म्हणून किती वर्षं आपण खटपट केली, हेही कळू लागलं. त्या सुटीत घरातले पडदे धुतलेले होते. ताईच्या नाकावर नवा चष्मा होता. रविवारी एक गृहस्थ येणार आहेत, हे सांगताना तिचा चेहरा असा काही उजळला होता, की दुधखुळ्यालाही उमगावं. त्याला उमगलं होतं. ताई लग्न करून गेली तर पोरीचं कोण बघणार? मग ट्रक सोडावा लागणार, घरी बसावं लागणार, रात्री तापलेल्या पोरीच्या उशाशी जागावं लागणार, तिच्या वेण्या घालाव्या लागणार... आणि हे काही त्याला येत नव्हतं. ट्रकवर त्याला सगळं येत होतं. मांजर डोळे मिटून दूध पितं तसा तो डोळे मिटून त्या पहाटे निघाला आणि स्वतःला सांगत राहिला, नियम आहे, नियम आहे. दरीच्या काठानं गाडी हाकणारा तो शूर फौजी एका चष्मेवाल्याला घाबरून पळाला होता!

चष्म्याचं दुकान अजून तिथंच होतं. चष्मेवाले आता पांढऱ्या केसांचे झाले होते, आणि शेजारी बसलेला त्यांचा मुलगा गिऱ्हाइकाला फ्रेमा दाखवत होता. म्हणजे लग्न झालं, संसार झाला, सारं झालं. फौजी दाराशीच घुटमळला. परत फिरावं असं त्याला वाटलं आणि पाय त्याप्रमाणे वळलेही, पण पळून जायची ही आपली जुनी कला आहे हे ओळखून त्यानं ते पुन्हा वळवले.

"मी टेलिफोनवाल्या बाईंचा भाऊ," तो म्हणाला. "तुम्ही एका रविवारी आला होतात. मी झोपलो नव्हतो. मी घरातच नव्हतो."

चष्मेवाल्यांनी मुलाकडे एकवार पाहिलं आणि फौजीला दुकानामागच्या काचा घासायच्या खोलीत नेलं. तिथल्या एकुलत्या स्टुलावर त्याला बसवून ते स्वतः उभे राहिले.

"तुम्ही घरात नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं," ते सावकाश म्हणाले. "दाराशी लहान मुलीच्या चपला होत्या, तुमच्या बहिणीच्या होत्या. फौजेतल्या माणसाचे बूट नव्हते. आतून घोरण्याचा सोडा, कूस बदलल्याचाही आवाज नाही. मी चहाचे घोट घेत विचार करत होतो, की बाई खोटं का बोलतेय. मग माझी मीच समजूत घातली. म्हटलं, हिला नको आहे. तोंडावर नाही म्हणवत नाही, म्हणून झोपलेल्या भावाचा आडोसा घेतलाय. उगाच कशाला भल्या बाईला त्रास द्यायचा? म्हणून उठलो."

फौजी स्टुलावरून उठला.

"तिला हवं होतं," तो म्हणाला. "ती माझी अब्रू झाकत होती. मी न सांगता निघून गेलो होतो."

चष्मेवाले हातातली एक गोल काच फडक्यानं पुसत राहिले. शेवटी ती त्यांनी जागेवर ठेवली. "मला बायको चांगली मिळाली," ते म्हणाले. "माझी तक्रार नाही. पण त्या घरावरून जायचं मी टाळत आलो, इतकी वर्षं. नकोसा झालेला माणूस म्हणून. त्यांना सांगा, माझ्या मनात राग कधीच नव्हता. थोडी शरम होती, एवढंच."

शरम! ती या भल्या माणसानं का वाहावी? ज्याची होती तो तर भिंतीवर बिल्ला लावून दूधवाल्याला गोष्टी सांगत बसला होता.

घरी येईपर्यंत ऊन उतरलं होतं. ताईनं आपली बॅग उघडून कपडे परत कपाटात ठेवायला सुरुवात केली होती आणि मुलगी शेजारी हताश बसली होती. फौजी उंबऱ्यातच उभा राहिला. चष्मेवाल्यांनी काय समजूत करून घेतली होती ते ताईला सांगावं की नाही, हा वाटभर त्याच्या मनातला झगडा होता. न सांगणं किती सोपं होतं! पण आपल्या न सांगण्यानंच हे सगळं झालं, हे त्याला आता पुरतं उमजलं होतं.

त्यानं सांगितलं. बूट, चपला, चहाचे घोट, सगळं.

ताईच्या हातातली घडी तशीच राहिली. ती पलंगावर बसली.

"त्यांना वाटलं, मला नको होतं?" तिनं विचारलं, आणि मग अगदी हळू, "इतकी वर्षं मी समजत होते, ते तुझ्यावर चिडून गेले. माझ्याविषयी त्यांच्या मनात चांगलंच असेल, असं धरून चालले होते. तेवढ्यावर माझं चाललं होतं रे..."

आणि मग ताई रडली. जिनं आईचं, वडिलांचं, भावजयीचं मरण कोरड्या डोळ्यांनी निस्तरलं, जी पोरीच्या दुखण्यात कधी डगमगली नाही, ती ताई पदर तोंडात धरून अशी रडली की मुलीनं तिला दोन्ही हातांनी घट्ट धरलं. फौजी पुढे झाला तसा तिनं हात वर केला.

"तू नको. आज माझ्याजवळ येऊ नकोस," ती म्हणाली. "मला तुझा राग आलाय. मला तुझा फार राग आहे, आणि मी तो कधी कुणाला दाखवला नाही. तू थकून यायचास, तुला कशाला, असं म्हणत राहिले. मीसुद्धा थकत होते रे."

"हो," फौजी म्हणाला. तो उंबऱ्यातच खाली बसला आणि ती बोलत राहिली. टेलिफोन ऑफिसातल्या मैत्रिणी पुढे कुठल्या कुठे गेल्या, ते बोलली. सुटीवर आल्यावर तो पाहुण्यासारखा ताटावर बसे आणि भाजीत मीठ कमी असल्याचं सांगे, तेही बोलली. प्रत्येक वाक्य खरं होतं. लाजेनं त्याचे कान तापले होते, तरी तो उठला नाही. ती थांबल्यावर तो आत आला, कपाटात परत गेलेले कपडे त्यानं एकेक करून काढले आणि बॅगेत भरू लागला. सैन्यात शिकलेली घडी होती, कागदासारखी चपटी.

"हे काय करतोस?"

"तू जातेस, ताई. मी जा म्हणून हुकूम करत नाही, तो अधिकार मला नाही. पण माझ्यासाठी म्हणून थांबणार असशील तर थांबू नकोस. माझ्यासाठी फार थांबलीस."

"आणि तुझं जेवणखाण?"

"करपलेलं खाईन. काही दिवसांनी कमी करपेल."

मुलीला अवचित हसू आलं, आणि ते लपवायला तिनं तोंड फिरवलं. ताईनं भावाकडे पाहिलं. हो म्हणाली नाही, पण बॅगेतले कपडेही पुन्हा काढले नाहीत.

दुसऱ्या दिवशी बॅगा त्यानंच उचलल्या. बसस्थानकावर मुलगी तिकिटं काढायला गेली, तेव्हा ताई त्याला म्हणाली, "एक मागते. देशील?" त्या रविवारनंतर तिनं कधी काही मागितलं नव्हतं. त्यानं मान हलवली.

"बस हलेपर्यंत इथं उभा राहा. तोंड फिरवायचं नाही, कुठं विडी प्यायला जायचं नाही. मला निरोप देणारा माणूस बघायचाय."

तो उभा राहिला. त्या दोघी बसमध्ये चढल्या आणि खिडकीपाशी बसल्या. मुलीनं आतून त्याला हात केला. जो हात पहाटे कधी त्याच्या वाट्याला आला नव्हता, तो त्यानं आज भर उन्हात पाहिला, आणि सोडून जाणाऱ्याला काही वाटत नाही, मागे राहणाऱ्यालाच सगळं वाटतं, हे त्याला कळलं. ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं, ते जुनं इंजिन धडधडू लागलं, आणि फौजी खिडकीच्या खाली जाऊन उभा राहिला.

"ताई, मी चुकलो," तो म्हणाला.

ताईनं कानामागे हात धरला. इंजिनाचा आवाज फार होता.

"ताई, मी चुकलो," तो मोठ्यानं म्हणाला. हमाल थांबून बघू लागले. शेजारच्या बसमधली दोन डोकी खिडकीबाहेर आली. ताईनं मान हलवली, ऐकू येत नाही म्हणून.

तेव्हा त्यानं, दरीच्या काठावर पुढच्या गाडीला हाक घालावी तशा सगळ्या छातीनं, साऱ्या बसस्थानकाला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "ताई, मी चुकलो! मी फार चुकलो!" आणि त्या आवाजाबरोबर त्याच्या गालांवरून पाणी ओघळलं, जे त्यानं पुसलं नाही, कारण तोंड फिरवायचं नाही असं ठरलं होतं.

बस हलली. ताई खिडकीतून वाकली, तिचा हात त्याच्या डोक्यावर क्षणभर टेकला. तिच्या चष्म्याच्या काचा ओल्या होत्या आणि तोंडावर कितीतरी वर्षांनी एक खट्याळ हसू आलं होतं.

"पहिल्या वेळीच ऐकलं होतं रे," ती म्हणाली. "पण पुन्हा ऐकावंसं वाटलं."